वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे पुण्यस्मरण

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या वर्षीच त्या धर्मग्रामाच्या एका सुपुत्रास गुरुदीक्षा मिळावी, हा योग मोठ्या भाग्याचा होय. अशा मंगल समयी, ज्या संन्याशांनी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर श्रद्धेचे बी पेरिले, त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करणे हे आपले कर्तव्यच आहे. फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो द पोर्तो यांनी वसई प्रांतात उपसलेले कष्ट आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे वसईस झालेले आगमन ह्या गोष्टी आपणांपैकी बहुतेकांच्या ऐकण्यात आहेत. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती ही की, आमच्या ह्या किनाऱ्याने परदेशचे धर्मप्रसारक केवळ स्वीकारले असे नव्हे, तर आपल्या पोटचा पुत्र परदेशी धाडिलाही. त्या पुत्राचे नाव संत गोन्सालो गार्सिया. भारतभूमीत जन्म घेऊन संतपदास पोचलेले ते पहिले पुरुष होत.

आणि तरीही हे महान संत कधीच धर्मगुरू नव्हते. त्यांनी एकदाही वेदीवर मिस्सा अर्पण केली नाही, एकाही पापी मनुष्यास पापमुक्तीचे शब्द ऐकविले नाहीत. मठातील सर्वांत कनिष्ठ पायरीवरील, धर्मगुरू नसलेला एक साधा बंधू, एवढीच त्यांची पदवी होती. मग गुरुदीक्षेच्या सोहळ्यात त्यांचे चरित्र का सांगावे, असे कोणी विचारील. आमच्या मते ते सांगण्यास ह्याहून उचित प्रसंग दुसरा नाही. ते कसे, हे चरित्र वाचता वाचताच वाचकांच्या ध्यानी येईल.

१५३४ साली गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. पुढील वीस-बावीस वर्षांत तेथे तट, वाडे, मठ आणि देवळे उभी राहू लागली. अशा त्या नव्या शहरात १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते व माता ह्याच किनाऱ्यावरील, एतद्देशीय होती. दोन वंशांचे रक्त अंगी वाहणारा हा बालक दोन जगांच्या उंबरठ्यावर वाढला. एका जगाचे बोलणे दुसऱ्यास समजावून सांगण्याचे जे कार्य पुढे त्यांच्या वाट्यास आले, त्याची पूर्वतयारी देवाने जन्मापासूनच करून ठेविली होती, असे आम्हांस वाटते.

किल्ल्यात येशूसंघाच्या संन्याशांचे विद्यालय होते आणि त्याच्या लगत येशूच्या पवित्र नामास वाहिलेले देऊळ होते. ह्या विद्यालयात गोन्सालो यांचे बालपण व शिक्षण झाले. तेथील गुरुजनांच्या सहवासात त्यांच्या मनात संन्यस्त जीवनाची ओढ उत्पन्न झाली. पुढे येशूसंघाचे काही धर्मगुरू वसईहून जपानच्या मिशनकार्यासाठी निघाले, तेव्हा तरुण गोन्सालो त्यांच्याबरोबर जहाजात चढले. वसईचा धक्का त्यांनी सोडिला तो सोडिलाच.

जपान देशात संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली उतरले होते. त्यांनी लाविलेले रोप पुढील तीस वर्षांत असे फोफावले की, १५८२ च्या सुमारास तेथील ख्रिस्ती जनांची संख्या अजमासे दीड लाखांवर गेली होती. पीक अफाट आणि कामकरी थोडे, अशी तेथील अवस्था होती. मोठमोठे विद्वान धर्मगुरू युरोपातून येत. परंतु जपानी भाषा शिकण्यात त्यांची वर्षेच्या वर्षे जात, आणि कित्येकांस ती अखेरपर्यंत साधत नसे. गोन्सालो यांस मात्र ती भाषा लवकर अवगत झाली. स्वभाव गोड व मनमिळाऊ असल्यामुळे त्यांनी लोकांची मनेही जिंकिली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून गावोगाव लहानथोरांस प्रार्थना व धर्मतत्त्वे शिकविली.

ह्या आठ वर्षांत त्यांच्या मनीची एकच इच्छा होती, ती ही की आपणांस येशूसंघात प्रवेश मिळावा. ती इच्छा पुरी झाली नाही. ज्या घरात ते लहानाचे मोठे झाले, ज्या घरासाठी त्यांनी देश सोडिला, त्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. अशा प्रसंगी भल्याभल्यांची श्रद्धा डळमळते. देवाची हाक ऐकू यावी आणि माणसांकडून होकार मिळू नये, ह्यासारखे दुःख दुसरे नसेल. गोन्सालो यांनी हे दुःख गाजविले नाही. ज्यांनी त्यांस घेतले नाही त्यांच्याशी वैर धरिले नाही. त्यांनी धर्मशिक्षकाचे काम सोडून व्यापार आरंभिला आणि प्रामाणिक कष्टाने पोट भरू लागले.

व्यापारात त्यांस चांगले यश आले. पूर्व समुद्रातील बंदरांतून त्यांचा माल फिरू लागला आणि ठिकठिकाणी पेढ्या उघडल्या गेल्या. लौकिक दृष्टीने त्यांचे सारे ठीक चालले होते. परंतु व्यापारानिमित्त ते वारंवार फिलिपाईन बेटांतील मनिला शहरी जात, आणि तेथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली. अनवाणी चालणारे, जाड्याभरड्या झग्यास कमरेशी दोरी बांधणारे, रोग्यांची व दरिद्र्यांची सेवा करणारे ते बंधुजन पाहून त्यांच्या अंतरीची जुनी ज्योत पुन्हा प्रज्वलित झाली. भरभराटीस आलेला व्यापार टाकून त्यांनी संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघात साधा बंधू म्हणून प्रवेश केला. ह्या व्रतात मनुष्याचे स्वतःचे असे काहीच उरत नाही. स्वयंपाकघर, दार, रुग्णसेवा अशी पडतील ती कामे करणे हाच बंधूचा धर्म. कालपर्यंत जो चाकरांस आज्ञा करीत होता, तो आज सर्वांचा चाकर झाला.

जपान देश मात्र त्यांस विसरला नव्हता. तेथील सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, ज्यास तायको ही पदवी होती, याने फिलिपाईन बेटांच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे शरणागतीची मागणी केली होती. त्याचा राग शांत करून स्नेह जोडावा म्हणून गव्हर्नर गोमेझ पेरेझ दास्मारिन्यास यांनी १५९३ साली फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांस वकील नेमून जपानास पाठविले. त्यांच्याबरोबर एकूण तीन संन्यासी गेले, व त्यांत दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो यांची निवड झाली.

दुभाष्याचे काम वरवर सोपे दिसते, पण वस्तुतः ते फार जोखमीचे आहे. एका बाजूस दिग्विजयाच्या उन्मादात कोरियावर फौजा धाडणारा तायको. दुसऱ्या बाजूस शांतीची याचना करणारा दरिद्री संन्यासी. आणि मध्ये हा वसईकर बंधू. एखादा शब्द उणा झाला तर सर्वांचे प्राण जावयाचे. एखादा अधिक झाला तर आपल्या देवाशी व आपल्या माणसांशी प्रतारणा व्हावयाची. ह्या कसोटीस ते उतरले. तायकोने संन्याशांस राहण्याची परवानगी दिली, मियाको म्हणजे आजचे क्योतो ह्या राजधानीच्या शहरी त्यांस जागाही मिळाली. तेथे १५९४ साली देवदूतांच्या राणीच्या नावाने एक लहानसे देऊळ व मठ उभा राहिला.

मठापाठोपाठ रुग्णालयेही निघाली. ज्यांस आप्तांनी टाकिले होते, ज्यांच्या सावलीसही लोक भीत, अशा महारोग्यांस तेथे आसरा मिळाला. त्यांची क्षते धुणे, त्यांस भरविणे, त्यांच्याशी बोलणे ही कामे संन्यासी स्वहस्ते करीत. जे धर्मगुरू नव्याने आले त्यांस जपानी येत नव्हते. त्यांचे कान आणि त्यांची वाणी बंधू गोन्सालो झाले. रोग्याचे गाऱ्हाणे धर्मगुरूस कळे ते त्यांच्या मुखाने, आणि धर्मगुरूचे सांत्वन रोग्यास पोचे तेही त्यांच्याच मुखाने. इतरांचे बोलणे पोचविता पोचविता स्वतःचे बोलणे मागे ठेवावे, हीच त्यांची तपश्चर्या होती.

येथे एक कटू सत्य झाकून ठेविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तायकोने १५८७ साली धर्मप्रसारकांस देश सोडण्याची आज्ञा केली होती. ती कडकपणे अमलात आली नाही, तरी येशूसंघाचे संन्यासी तेव्हापासून फार सावधपणे, गाजावाजा न करिता कार्य करीत. फ्रान्सिस्कन संन्यासी मात्र उघडपणे झगा घालून रस्त्याने फिरत व उपदेश करीत. एकास दुसऱ्याची सावधगिरी भित्रेपणाची वाटे, दुसऱ्यास पहिल्याचे धैर्य अविचाराचे वाटे. त्यात पोर्तुगीज व स्पॅनिश व्यापाऱ्यांच्या चुरशीने तेल ओतले. एकाच प्रभूचे सेवक परस्परांविषयी संशय बाळगू लागले. येशूसंघाच्या हाताखाली वाढलेले आणि फ्रान्सिस्कन झग्यात वावरणारे बंधू गोन्सालो यांच्या काळजास ह्या भांडणाने किती यातना झाल्या असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

१५९६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोस जाणारे सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने आपल्या राजाच्या राज्यविस्ताराची बढाई मारिली व धर्मप्रसारक हे सैन्याच्या पुढे चालणारे हेर होत असा ग्रह तायकोच्या मनात दृढ झाला, असे इतिहास सांगतो. कारण काहीही असो, वीज कोसळली ती निरपराध संन्याशांवर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मठास पहारे बसले आणि संन्यासी व त्यांचे जपानी सोबती कैद झाले.

ह्या जहाजावर फेलिपे द जेझूस नावाचा एक तरुण फ्रान्सिस्कन बंधू होता. नवदीक्षित धर्मगुरूंनी त्याचे नाव अवश्य ध्यानी ठेवावे. तो मूळचा मेक्सिकोचा. मनिलास त्या वेळी बिशप नसल्यामुळे गुरुदीक्षा घेण्यासाठी तो मायदेशी निघाला होता. घरी आईबाप वाट पाहत होते. वादळाने त्याची वाट बदलिली. दीक्षेच्या वेदीऐवजी त्यास क्रूस मिळाला. आज ज्यास गुरुदीक्षेचे तेल लाभते, त्याने ह्या न लाभलेल्या दीक्षेचे मोल जाणावे.

१५९७ च्या जानेवारीच्या ३ तारखेस मियाको शहरात चोवीस कैद्यांचा डाव्या कानाचा तुकडा छाटण्यात आला. नाक व दोन्ही कान कापावे अशी मूळ आज्ञा होती, ती तेथील अधिकाऱ्याने सौम्य केली. रक्त गळत असताच त्यांस गाड्यांतून शहरभर मिरविले. मग मियाकोहून ओसाका, साकाई असे करीत, ऐन हिवाळ्यात, बर्फाच्या वाटेने, सुमारे आठशे किलोमीटर दूर असलेल्या नागासाकी बंदराकडे त्यांस चालविले. हा प्रवास जवळजवळ महिनाभर चालला. वाटेत कैद्यांची सेवा करणारे दोन ख्रिस्ती जन स्वतःच कैद झाले, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. मातियास नावाच्या एका माणसाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. शिपाई ज्या मातियासास शोधीत होते तो घरी नव्हता; त्याच नावाचा शेजारी आपण होऊन पुढे आला व त्याची जागा घेऊन मरणास सामोरा गेला.

त्या सव्वीस जणांत कोण कोण होते, ते पाहा. सहा फ्रान्सिस्कन होते; त्यांत तीन धर्मगुरू, दीक्षेच्या वाटेवरील फेलिपे, आणि गोन्सालो व फ्रान्सिस्को हे दोन साधे बंधू. येशूसंघाचे तिघे होते, पाउलो मिकी त्यांतलेच. उरलेले सतरा जण जपानी संसारी जन होते. कोणी सुतार, कोणी स्वयंपाकी, कोणी धर्मशिक्षक. लुईस इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा मुलगा, अंतोनियो तेरा वर्षांचा आणि तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. ज्या दोन संघांत काल विसंवाद होता, त्यांचे पुत्र आज एकाच रांगेत उभे होते. माणसांच्या सभेत जो तंटा मिटला नाही, तो क्रूसांच्या रांगेत मिटला.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडलेले होते. परंपरा सांगते की, बंधू गोन्सालो हे पुढे होऊन क्रूसाजवळ गेले व सर्वांआधी त्यांसच क्रूसास बांधण्यात आले. लोखंडी कड्यांनी व दोरांनी हातपाय जखडून क्रूस उभे केले. पाउलो मिकी यांनी क्रूसावरूनच लोकांस उपदेश केला आणि आपणांस मारणाऱ्यांस क्षमा केली. बालकांनी स्तोत्र गाइले. शेवटी भालाईत पुढे सरसावले, दोहो बाजूंनी भाले कुशीत शिरले, आणि देवाची स्तुती करिता करिताच वसईच्या पुत्राने प्राण सोडिला. वय अवघे चाळिसाच्या आसपास. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द बोलणाऱ्या ह्या दुभाष्याने अखेरची साक्ष दिली ती स्वतःची, आणि ती समजण्यास कोणत्याही भाषांतराची गरज नव्हती.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी ह्या सव्वीस हुतात्म्यांस धन्य म्हणून घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोम शहरी जगातील बिशपांच्या मोठ्या मेळ्यात त्यांस संतपद दिले. मधल्या काळात जपानात ख्रिस्ती धर्मावर १६१४ साली पूर्ण बंदी आली होती आणि तेथे एकही धर्मगुरू उरला नव्हता. १८६५ च्या आरंभी फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीच्या ओउरा भागात ह्या सव्वीस हुतात्म्यांच्या नावे देऊळ बांधिले, त्याचे तोंड निशिझाका टेकडीकडे होते. त्याच वर्षी १७ मार्च रोजी उराकामी गावचे काही लोक त्या देवळात आले व आपली श्रद्धा त्यांनी फादर पेतिजाँ यांच्यापाशी हळूच प्रकट केली. सुमारे अडीचशे वर्षे, धर्मगुरूवाचून, मिस्सेवाचून, आईबापांनी मुलांस गुप्तपणे बाप्तिस्मा व प्रार्थना देऊन ती श्रद्धा जिवंत राखिली होती. १९६२ साली त्या टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले, आणि त्यांच्या रांगेत आमचा वसईकरही उभा आहे.

इकडे वसईचे काय झाले ते आपण जाणतोच. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकिला, पोर्तुगीज निघून गेले, मठ ओस पडले व त्यांच्या भिंतींवर वड-पिंपळ वाढले. तरी श्रद्धा खेड्यापाड्यांतील घरांतून टिकली. गास गावी ह्या संतांच्या नावाचे देऊळ आहे, आणि १९९८ साली वसई हे स्वतंत्र धर्मप्रांताचे स्थान झाले. जगभरची ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीस ह्या हुतात्म्यांचा सण पाळते.

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. ज्यांनी कधी मिस्सा अर्पण केली नाही, त्यांचे चरित्र नवदीक्षित धर्मगुरूंस काय शिकविते? आमच्या अल्प मतीप्रमाणे ते हे शिकविते की, धर्मगुरू हाही एक दुभाषीच होय. प्रभूचे वचन तो लोकांस त्यांच्या भाषेत सांगतो, आणि लोकांचे दुःख प्रभूच्या वेदीवर नेतो. ह्या कामी स्वतःचे काही मिसळू नये व प्रभूचे काही गाळू नये, एवढीच त्याची परीक्षा. ज्यास रोग्याशी, अडाण्याशी, मुलाशी त्यांच्या बोलीत बोलता येत नाही, त्याची विद्वत्ता कितीही थोर असो, ती कोठारातच पडून राहील.

आणि आपणां संसारी जनांस ते हे शिकविते की, श्रद्धेचे ओझे एकट्या धर्मगुरूच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येत नाही. निशिझाका टेकडीवर धर्मगुरू तिघेच होते. बाकीचे तेवीस बंधू, शिक्षक, सुतार, स्वयंपाकी आणि मुले होती. उराकामीच्या आईबापांपाशी तर अडीच शतके धर्मगुरूच नव्हता. आमच्या घरांतून आज एक धर्मगुरू निघत आहे. उद्या दुसरा निघेल की नाही, हे आमच्या घरांतील सायंप्रार्थनेवर अवलंबून आहे. शेते विकली गेली, वाड्या उठल्या, मुले नोकरीधंद्यासाठी दूर गेली, ह्या सबबी खऱ्या असल्या तरी पुऱ्या नाहीत. गोन्सालोही व्यापारासाठीच दूर गेले होते, आणि देवाने त्यांस तेथेच गाठले.

ज्यांस आज कोठे दार बंद दिसत असेल, अशा तरुणांनी व तरुणींनी हे चरित्र विशेषेकरून वाचावे. एक दार उघडले नाही म्हणून हाक खोटी ठरत नाही. परमेश्वर संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने आमच्या नवदीक्षित धर्मगुरूंस गोड वाणी, निर्भय अंतःकरण व दीर्घ सेवाकाल देवो, आणि ज्या किनाऱ्याने एकदा आपला पुत्र जगास दिला, त्या किनाऱ्याची कूस पुन्हा पुन्हा फळास येवो, हीच आमची नम्र प्रार्थना.